एर्विनच्या नळाला फेस येतो

शेबॉयगन,
नोव्हेंबरचा दुसरा सोमवार

प्रिय नॉर्बी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी खुर्चीत बसला असशील आणि मग म्हणाला असशील, "कोण गेलं?" कोणी गेलेलं नाही. मी आहे, एर्विन आहे, आमची लेक लिनेट आणि तिची पोरं मिनियापोलिसला मजेत आहेत. नऊ वर्षांत नाताळचं कार्ड सोडून मी माझ्या सख्ख्या भावाला दोन ओळी लिहिल्या नाहीत, त्याबद्दल जे बोलायचं ते मनातल्या मनात बोलून घे, मी थांबते. झालं? मग वाच. फोन करायला हरकत नव्हती, पण फोन स्वयंपाकघरात आहे आणि त्या जमिनीतून तळघरात सगळं ऐकू जातं, तुला ठाऊक आहे. तुझा मेहुणा सध्या तळघरातच राहतो म्हणायला हरकत नाही. सकाळी कॉफीचा कप घेऊन खाली उतरतो तो जेवायला हाक मारली की वर येतो, आणि घास तोंडात असतानाही त्याचं डोकं खालीच असतं. मी दमलेय, नॉर्बी. त्र्याहत्तराव्या वर्षी माणूस दमतंच, पण हे दमणं बर्फ उपसून येतं तसलं नाही, झोपून उठलं तरी ते उशाशी बसलेलंच असतं.

कारण ऐकशील तर हसशील. आमच्या नळाला फेस येतो.

तो नळ तुला आठवतच असेल. लिनेटच्या बारशाआधी तुम्ही दोघांनी मिळून तळघरात तो बार बांधलात, बोलिंगचा हॉल मोडला तेव्हा तिथली लाकडी पट्टी ओढत आणलीत आणि जिन्यात ती तुझ्या अंगठ्यावर पडली, तेव्हा तू ज्या शिव्या दिल्यास त्या फादरना रस्त्यापर्यंत ऐकू गेल्या. त्याच पट्टीमागे जुना फ्रिज आहे, फ्रिजमध्ये बिअरचं पिंप, शेजारी गॅसचा सिलिंडर, वर पितळी खांब आणि खांबाला नळ. टीव्हीवर पॅकर्सचा फुटबॉल सामना असला की गल्लीतली आठदहा माणसं यायची, मी ब्रॅटवुर्स्ट सॉसेज भाजायची आणि एर्विन एकेकाला पेला भरून द्यायचा. बाकी कशाचा त्या माणसाला गर्व नाही, पण तुम्ही दोघांनी तीस वर्षं गावातल्या चाळीस टॅव्हर्नच्या, बिअरच्या गुत्त्यांच्या, नळ्या धुतल्यात, तेव्हा स्वतःच्या घरच्या पेल्यात खाली नितळ बिअर आणि वर बरोबर दोन बोटं फेस असलाच पाहिजे, हा त्याचा हट्ट. या सप्टेंबरच्या पहिल्या सामन्याला त्याने पेला भरला तर पाऊण पेला नुसता फेस. ओतून दिला, दुसरा भरला, तसाच. पलीकडचा वेंडेल मोठ्याने म्हणाला, "अरे एर्विन, बिअर दे बाबा, दाढी करायला नाही आलो मी!" सगळे हसले, एर्विनही हसला. शेवटी लोकांनी आपापल्या घरून बिअरचे कॅन आणून प्यायले. दुसऱ्या आठवड्यात त्याने सगळ्यांना कळवून टाकलं की यंत्र बिघडलंय, दुरुस्त झालं की बोलावतो. दहा रविवार झाले, आमच्या जिन्यावर परकं पाऊल वाजलेलं नाही. भाजलेले ब्रॅट आम्ही दोघंच खातो आणि तो सामना आवाज बंद करून बघतो.

मग सुरू झाली शोधाशोध. तुझ्या धंद्यातलीच गोष्ट आहे, तुला वेगळं काय सांगू, पण मला सगळं पाठ झालंय ते तरी बघ. आधी म्हणाला, बिअर गरम आहे. फ्रिजमध्ये पाण्याचा पेला ठेवून त्यात थर्मामीटर बुडवला आणि दिवसातून चार वेळा बघायचा, अडतीस फॅरनहाइट म्हणजे अडतीस, तसूभर हलेना. मग म्हणाला, पहिल्याच पेल्याला फेस येत असेल तर वरचा खांब गरम असतो. त्यासाठी फ्रिजमध्ये एक चिमुकला पंखा बसवून थंड हवा खांबात सोडली. फेस तसाच. मग गॅसचं प्रेशर, बारावरून अकरा, अकरावरून दहा, परत बारा. मग नळी आखूड आहे म्हणून सहा फुटांची काढून दहा फुटांची घातली, ती फ्रिजमध्ये गुंडाळून ठेवली तर आता लोणच्याची बरणी ठेवायला जागा नाही. मग वॉशर बदलले. सगळे. खोकाभर वॉशर आणलेत, टपालवाला विचारतो, "डेलोरिसबाई, दुकान काढताय का?" आणि शेवटी माझ्यावर आलं. म्हणे मी पेले भांड्यांच्या साबणाने धुते, त्याचा तेलकटपणा राहतो. एकेचाळीस वर्षं ते पेले मीच धुतेय! त्या दिवशी मी त्याला म्हटलं, "उद्यापासून तुझे पेले तू धू, तुझी पँट तू धू, आणि तुझं डोकंही धुऊन घे जमलं तर." त्यावर तो पेले उचलून खाली निघून गेला. पूर्वीचा एर्विन असता तर निदान एक टोला परत आला असता. माझं मन तिथेच चुकचुकलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी तो न्हाव्याकडे गेला होता. मी कपडे धुवायला खाली उतरले आणि काय मनात आलं कोण जाणे, एक पेला घेतला, तिरका धरला आणि नळाची मूठ ओढली. नॉर्बी, काय सुंदर पेला भरला म्हणून सांगू! खाली सोन्यासारखी बिअर आणि वर दोन बोटं फेस. मला वाटलं, चुकून झालं असेल. दुसरा भरला, तोही तसाच. सकाळचे साडेदहा वाजले होते, धुलाईयंत्र घरघरत होतं आणि मी बारच्या स्टुलावर बसून दोन पेले बिअर प्यायले. आणि रडले. मग पेले धुतले, साबण न लावता, पुसून जागच्या जागी ठेवले. न्हाव्याकडून आल्यावर तो म्हणाला, "डोळे का लाल गं?" म्हटलं, कांदा चिरला.

मला तेव्हाच कळलं होतं, आता तुलाही कळलं असेल. तरी खात्री करायची म्हणून मी दोन दिवस जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून बघितलं. तो मूठ धरतो, ओढायला लागतो आणि हात मध्येच थांबतो. जसा एखादा माणूस दारात येऊन विसरतो की आपण कशाला आलो. अर्धा नळ उघडा, त्या फटीतून बिअर फुसफुसत येणार आणि फेस होणार नाही तर काय होणार? नवीन पोरींना टॅव्हर्नमध्ये पहिल्या दिवशी तो हेच शिकवायचा, "घाबरत घाबरत उघडू नकोस, एका झटक्यात पूर्ण ओढ." आता त्याच्या अंगठ्याला ते ऐकू येत नाही. अंगठा बसल्या जागी थरथरतो, गोळी वळत असल्यासारखा. शर्टाची बटणं लावायला त्याला दहा मिनिटं लागतात, म्हणून त्याने स्वेटर घालायला सुरुवात केली. मंगळवारचा शीपशेडचा पत्त्यांचा डाव सोडला, म्हणे नव्या कॅटमधले पत्ते बुळबुळीत आहेत. किराणाच्या यादीतलं त्याचं अक्षर इतकं बारीक झालंय की मी परवा भिंग घेऊन दुकानात गेले. सगळं डोळ्यांसमोर होतं, पण मी एकेक वेगळं वेगळं बघत होते. फेसाने ते सगळं एकत्र आणून माझ्यापुढे ठेवलं.

मग सांगितलं का नाहीस, असं विचारशील. तूच विचारतोस होय रे? फ्लोरियनला विसरलास?

नाही विसरलास. मला माहीत आहे, तू त्याचसाठी वर उत्तरेला जंगलात जाऊन बसलास. पण आपण त्यावर कधी बोललो नाही, तर आज बोलू. कातड्याच्या कारखान्यासमोरचं त्याचं टॅव्हर्न, शुक्रवार, तळलेल्या माशांचा वास, पाय ठेवायला जागा नाही, आणि फ्लोरियनच्या नळाला महिनाभर येणारा फेस. एर्विनने त्याचं सगळं बदललं होतं, नळ्या दोनदा धुऊन झाल्या होत्या. आणि तू भर गर्दीत ओरडलास, "फ्लोरियन, नळीला काही धाड भरली नाहीये, तुझ्या हातालाच झालंय काहीतरी!" लोक हसले. म्हाताऱ्याने खांद्यावरचं फडकं काढून घडी करून ठेवलं आणि आत गेला. दोन आठवड्यांत टॅव्हर्न बंद, पुढच्या वसंतात फ्लोरियन गेला. एर्विन घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. मला एवढंच म्हणाला, "हात सगळ्यात शेवटी बघायचा असतो, डेल. आणि हातापर्यंत आलास की तोंड बंद ठेवायचं. म्हणायचं, माझ्यासाठी एक ओत. त्याला ओतू द्यायचं आणि बघू द्यायचं. मी त्याला सांगणार होतो, माझ्या पद्धतीने." त्यानंतर तो तुझ्याशी बोलला नाही आणि तूही माफी मागितली नाहीस. दोन रेडे तुम्ही, आणि मधे मी. तू चुकीचं बोललास असं मी कधीच म्हटलं नाही. तू मोठ्याने बोललास, एवढंच.

पण तुला नावं ठेवण्याचा मला आता हक्क राहिलेला नाही, कारण मी जे केलंय ते तुझ्या बोलण्याहून वाईट आहे. हे मी पाद्र्यालाही सांगितलेलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी तो वर आला आणि जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणाला, "सगळं बघून झालं, डेल. आता यंत्रात बघायचं काही उरलं नाही. आणि यंत्रात नसेल तर..." आणि तिथेच थांबला. सूप थंड होईपर्यंत त्याने चमचा उचलला नाही. दुसऱ्या दिवशी तो पानं गोळा करायला अंगणात गेला तेव्हा मी खाली गेले आणि गॅसच्या रेग्युलेटरचा स्क्रू अर्धा वळसा फिरवला. संध्याकाळी खालून आरोळी आली, "डेल! सोळा! काटा सोळावर गेलाय! रेग्युलेटर खराब आहे!" कितीतरी आठवड्यांनी तो दोन दोन पायऱ्या चढत वर आला. नवा रेग्युलेटर येईपर्यंत चार दिवस तो शिट्टी वाजवत होता, मला टोमणेही मारले, मटाराच्या सूपवरून. मला वाटलं, एवढं तर मी त्याला देऊ शकते. म्हणून पुढच्या आठवड्यात फ्रिजचं बटण एका घराने फिरवलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात नळीचा एक वॉशर सैल केला. दर खेपेला त्याला काहीतरी सापडायचं, तो दुरुस्त करायचा, आणि मग पेला भरायला जायचा. पेला भरताना मी खाली थांबत नसे. वर येऊन रेडिओ मोठा करत असे.

गेल्या गुरुवारी त्याचं फळ मिळालं. मी बुधवारी प्रेशर खाली आणलं होतं, तर या वेळी त्याने काटा बघितलाच नाही. म्हणाला, नळी आतून घाण झाली असणार. नळ्या धुवायचा कॉस्टिक सोडा तुझ्या वेळेपासून कोपऱ्यात आहे तोच. गरम पाण्यात तो मिसळत होता, आणि बरणी हातातून निसटली. त्याने हाक नाही मारली, मला फक्त काच फुटल्याचा आवाज आला. खाली गेले तर दंडावर, मानेवर, गालावर उडालेलं, डोळ्याच्या खाली एक बोटभर अंतरावर. कपडे धुवायच्या सिंकमध्ये त्याचं डोकं धरून मी वीस मिनिटं पाणी सोडत राहिले. तो "पुरे गं, पुरे" म्हणत होता आणि मी त्याच्यावर ओरडत होते, काय ते आठवत नाही. डोळा वाचला. मान सोललीये, पण भरेल. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधताना विचारलं, "हाताचा हा थरकाप कधीपासून?" एर्विन म्हणाला, "भाजल्यामुळे आहे." पट्टी संपवून त्यांनी मला बाहेर गाठलं आणि म्हणाल्या, नसांच्या डॉक्टरला दाखवा, लवकर दाखवा, आत्ता गोळ्या सुरू झाल्या तर बरीच वर्षं बटणं स्वतःची स्वतः लावतील, पेलाही धरतील. गाडीत मी त्याला सांगितलं. गाडी मी चालवत होते, त्यानेच किल्ली माझ्याकडे दिली होती, आणि हे तर आमच्या लग्नात कधी झालं नव्हतं. तो खिडकीबाहेर तळ्याकडे बघत म्हणाला, "आधी फेसाचं बघू, मग डॉक्टरचं." आणि शनिवारी मानेला पट्टी असताना पुन्हा खाली उतरला. आता फ्रिजच नवा घ्यायचा म्हणतोय. तो जोवर यंत्रात शोधतोय तोवर डॉक्टरकडे येणार नाही, आणि त्याला यंत्रात शोधायला मीच लावलंय. परत काही फिरवायला माझा हात धजत नाही, आणि तोंडाने सांगायला माझी जीभ उचलत नाही. एकेचाळीस वर्षांत या माणसाला मी हजार गोष्टी तोंडावर सुनावल्या. ही एक सुनावता येत नाही.

म्हणून हे पत्र, आणि पत्रासोबतचं खोकं. आधी उघडलं असशीलच, तुला धीर कुठला. त्यात जी मेपलची वीतभर लांब मूठ आहे, टोकाला पर्च मासा कोरलेली, ती फ्लोरियनची आहे. तू ओरडलास त्याच्या आदल्या रविवारी एर्विनने ती गॅरेजमध्ये लेथवर बनवली होती. लांब मुठीला जोर कमी लागतो, दुबळ्या हातानेही नळ पूर्ण उघडतो. तो ती भेट म्हणून फ्लोरियनच्या नळाला लावणार होता आणि म्हणणार होता, माझ्यासाठी एक ओत. एवढीच त्याची पद्धत होती. मूठ नऊ वर्षं गॅरेजच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेली होती आणि मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुला झोप लागली नसती. आता सांगते. रविवारी ये. चार तासांचा रस्ता आहे, सकाळी निघालास तर सामना सुरू व्हायच्या आत पोचशील. हरणाचं सॉसेज आण, रिकाम्या हाताने येऊ नकोस. मी दार उघडीन, तू सरळ खाली जा. तो तुला बघून काय म्हणेल ते मला माहीत नाही, म्हणू दे. नळावरच्या काळ्या बुटक्या मुठीचे आटे सोडव, ही लाव, स्टुलावर बस आणि म्हण, माझ्यासाठी एक ओत. मासा बघितल्याबरोबर त्याला सगळं कळेल, ती कोणासाठी होती आणि तू ती का आणलीस. पेला नितळ भरेल, आणि का भरला तेही त्याला दिसेल. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर असेन. रेग्युलेटरचं माझं पाप मी त्याला स्वतः सांगेन, ते तू सांगायचं नाहीस. मंगळवारी सकाळी साडेनऊची डॉक्टरची वेळ मी घेऊन ठेवली आहे, मला वाटतं तो पेला भरल्यावर मंगळवारी तो स्वतःहून निघायला कोट मागेल. पण तो पेला तुझ्या हातात देईपर्यंत, तू तो पिऊन खाली ठेवेपर्यंत, त्याहून जास्त एक शब्दही बोलू नकोस, नॉर्बी. या खेपेला तरी.

तुझीच थोरली,
डेलोरिस